साठांतली एक घटका

नव्या वर्षाचे संकल्प आणि कोऱ्या वह्या यांचें नातें फार जुनें असावें. पाडवा असो, दिवाळी असो किंवा जानेवारीची पहिली तारीख असो, सुशिक्षित घरांत एक तरी नवी वही येतेच. तिच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत श्रीकार काढलेला असतो, दुसऱ्या पानापासून रोजनिशी सुरू होते, आणि दहाव्या-बाराव्या पानानंतर त्याच वहींत इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब आढळतो. वाचनाच्या संकल्पांची गतहि निराळी नसते. ‘यंदां संपूर्ण महाभारत वाचावयाचेंच’ असें म्हणून निघालेल्या कितीतरी गृहस्थांचा मुक्काम वर्षानुवर्षें आदिपर्वांतच पडलेला असतो. यावरून आत्मसुधारणेची इच्छाच खोटी असते, असें कोणी म्हणेल तर मला तें मान्य नाहीं. इच्छा खरीच असते. पण तिला माप नसतें, मुदत नसते आणि घरांत जागा नसते. या तीन उणिवांपैकीं पहिल्या दोहोंविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. तिसरीविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं, आणि मला मुख्यतः तिच्याविषयींच सांगावयाचें आहे. तरी क्रम सोडूं नये म्हणून आधीं मापाचें पाहूं.

आपल्या जुन्या कालगणनेप्रमाणें अहोरात्राच्या साठ घटका होतात. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटें. साठांपैकीं एकच घटका वाचनाला दिली, तर सावकाश वाचणाऱ्याचींहि तेवढ्यांत दहा पानें होतात. वर्षाचीं ३,६५० पानें, म्हणजे तीनशें पानांचीं बारा पुस्तकें झालीं. लिहिणाऱ्यानें त्याच घटकेंत दीडशेंच शब्द लिहिले, तरी वर्षाअखेर चौपन्न हजारांहून अधिक शब्द होतात. तेवढ्यांत एक बेताचें पुस्तक होतें. हा हिशेब मुलांच्या अंकगणितांतला आहे, पण मोठमोठीं कामें याच गणितानें झालीं आहेत. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या हायकोर्टांतले वकील. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाला प्रस्तावना जोडावी एवढ्या हेतूनें त्यांनीं आरंभ केला, आणि त्यांतून धर्मशास्त्राचा इतिहास उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९३० सालीं निघाला आणि पांचवा १९६२ सालीं पुरा झाला. पृष्ठसंख्या साडेसहा हजारांवर. १९६३ मध्यें त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला तेव्हां त्यांचें वय ऐशीच्या पुढें होतें. आतां त्या साडेसहा हजार पानांना मधल्या बत्तीस वर्षांच्या दिवसांनीं भागून पाहा. रोजचें अर्ध्या पानाहून किंचित् अधिक एवढेंच उत्तर येतें. अर्धें पान ऐकून कोणाची छाती दडपणार नाहीं. दडपावी ती बत्तीस वर्षें ऐकून!

आतां मुदतीविषयीं. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनीं तरुणपणीं आपणांत बाणवावयाच्या तेरा गुणांची यादी केली होती. परंतु तेराहि गुण एकदम अंगीं आणण्याच्या भरीस ते पडले नाहींत. एका आठवड्याला एकच गुण मुख्य धरावयाचा, छोट्या वहींत रोजच्या चुकांचे ठिपके मांडावयाचे, आणि आठवडा संपला कीं पुढच्या गुणाकडे वळावयाचें. तेरा आठवड्यांचें आवर्तन, वर्षाला अशीं चार आवर्तनें. व्यवस्थितपणा हा गुण आपल्याला शेवटपर्यंत जड गेला, असें त्यांनीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे. या योजनेचें आपल्याकडे मोठें कौतुक होतें. पण आपल्या आज्यापणज्यांना ती नवी वाटली नसती. आषाढी एकादशीला नेम धरावयाचा, कार्तिकी एकादशीपर्यंत पाळावयाचा आणि उद्यापन करून मोकळें व्हावयाचें, ही चातुर्मासाची रीत दुसरें काय सांगते? नेम लहान असतो, कारण तो रोज पाळावयाचा असतो. आणि त्याला शेवट असतो, म्हणूनच तो पाळवतो. आपल्या नव्या संकल्पांना उद्यापन नसतें. ‘आतां जन्मभर रोज लिहीन’ ही प्रतिज्ञा पहिल्याच खाड्याला मोडते, आणि एकदां मोडली कीं ती पुन्हां जोडावयाचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

माप ठरलें, मुदत ठरली. तरी वही अर्ध्यावर राहतेच. तिचें कारण मला आमच्याच माजघरांत सांपडलें.

माझ्या सासूबाई दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं खिडकीजवळ पाट मांडून पोथी वाचीत. त्या घटकेंत त्यांना कोणी हांक मारीत नसे. किल्ल्या हव्या असल्या तर थांबावें, पोर रडलें तर दुसऱ्या कोणी घ्यावें, दाराशीं कोणी आलें तर त्याला बाहेर बसवून ठेवावें, हें सगळें न सांगतां होत असे. ‘पोथी चालली आहे’ एवढे तीन शब्द सर्वांना पुरत. आतां त्याच घरांत, त्याच वेळीं, एखादी सून वही उघडून बसली तर काय होईल? ‘बसलीच आहेस, तर जरा डाळीचा डबा काढून दे.’ ‘काकू, माझा शर्ट कुठें आहे?’ ‘वहिनी, चहाचें आधण ठेवतां का?’ यांत कोणाचा दुष्टपणा नसतो. पोथी हें काम आहे, वही हा रिकामपणा आहे, एवढाच काय तो घराचा समज. मग वहीवालीलाहि हळूहळू तोच समज होतो. कोणी पाहिलें तर ती वही उशीखालीं सारूं लागते.

लेखनाला एकांत लागतो असें म्हणतात. पण एकत्र कुटुंबांतला एकांत ही वस्तु कोणाला आपणहून घेतां येत नाहीं. ती दुसऱ्यांनीं द्यावी लागते. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांची गोष्ट या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यांनीं सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा टपालखात्याची नोकरी संभाळून. पहांटे साडेपांचाला मेजाशीं बसावयाचें, घड्याळ समोर ठेवावयाचें, पहिला अर्धा तास आदल्या दिवशींचें लिहिलेलें वाचावयाचें, आणि मग दर पाव तासाला अडीचशें शब्द लिहावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या मरणानंतर १८८३ मध्यें निघालेल्या आत्मचरित्रांत हा क्रम आहे, आणि लोक तोच सांगत असतात. पण त्याच ठिकाणीं त्यांनीं आणखी एक सांगितलें आहे. त्यांना पहांटे उठविण्याचें काम एका म्हाताऱ्या मोतद्दाराकडे होतें. त्याला त्यासाठीं वर्षाला पांच पौंड जास्त मिळत, आणि त्याची कॉफी आणण्याची वेळ कधीं चुकली नाहीं. आपल्या यशाबद्दल इतर कोणाहिपेक्षां आपण या माणसाचेच अधिक ऋणी असूं, असें ट्रॉलप यांना वाटे. घड्याळाचें कौतुक सगळे करतात. कॉफी घेऊन येणारा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

आपल्याकडील स्त्रियांच्या लेखनाकडे पाहिलें तर हें अधिकच पटतें. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनीं लग्नानंतर लगेच शिकवावयास आरंभ केला. पण घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना तें रुचत नसे, आणि त्यांचा रोष सोसून रमाबाईंना पाठ करावे लागत. त्यांचें आठवणींचें पुस्तक १९१० सालीं निघालें. लक्ष्मीबाई टिळकांना लिहितांवाचतां येऊं लागलें तें लग्नानंतर, नारायण वामन टिळकांच्या शिकवण्यानें. ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग निघाला १९३४ मध्यें. त्या वेळीं त्यांचें वय पासष्टाच्या पुढें होतें. या दोघींना निदान घरांतल्या एका माणसाचें पाठबळ होतें. ज्यांना तेंहि नव्हतें, त्यांचीं पुस्तकें आपल्या कपाटांत नाहींत, म्हणून त्यांची संख्या आपल्याला कधींच कळावयाची नाहीं.

हें मनांत घोळत असतांना एके वर्षीं आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीं मी सासूबाईंना विचारलें, “यंदां मी वहीचा नेम धरूं का? कार्तिकीपर्यंत रोज एक पान.”

“वहीचा? आणि लिहिणार काय?”

“तुम्ही सांगाल तें.”

त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मी काय सांगणार, कपाळ! बरें, माझ्याशेजारीं पाट मांड.”

दुसऱ्या दिवसापासून दोन पाट मांडले जाऊं लागले. पोथी संपली कीं त्या बोलत आणि मी लिहीत असें. पहिल्या आठवड्यांत हांका आल्याच. तेव्हां त्यांनीं पोथीवरची नजरहि न उचलतां मुलांना सांगितलें, “काकूचा नेम चालला आहे रे. घटकाभर हांक मारूं नका.” त्यानंतर वहीला पोथीचा मान मिळाला. पोथीला अडचणीचे चार दिवस आड येत. वहीला तेहि आले नाहींत. त्या दिवशीं सासूबाई त्यांच्या पाटावर, मी पलीकडे खुर्चीवर, आणि आमचें काम सुरूच!

चार महिन्यांत एकशें चौदा पानें झालीं. त्यांत जात्यावरच्या ओव्या होत्या, बाळंतिणीच्या काढ्यांचीं प्रमाणें होतीं, त्यांच्या माहेरच्या नारळीपोफळीच्या आगराचें वर्णन होतें; आणि लहानपणीं विधवा झालेली त्यांची एक आत्या होती, जिनें त्यांना धुळपाटीवर पहिलीं अक्षरें गिरवावयास शिकविलीं होतीं. तुळशीच्या लग्नाच्या रात्रीं उद्यापन म्हणून मी ती वही सर्वांसमोर वाचून दाखविली. आत्याचें पान आलें तेव्हां आमचे थोरले भावजी आईकडे वळून म्हणाले, “हिचें नांव आम्हीं कधीं ऐकलें नाहीं!” सासूबाई म्हणाल्या, “कोणी विचारलें नाहीं.” पुढच्या वैशाखांत सासूबाई वारल्या. त्यांतल्या बहुतेक ओव्या आज घरांत कोणालाहि मुखोद्गत नाहींत. वहींत मात्र त्या आहेत.

या अनुभवावरून कांहीं गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नेम धरावयाचा तो चारच महिन्यांचा धरावा, आणि घरांत सर्वांना सांगून धरावा. गुपचूप धरलेल्या नेमाचें रक्षण कोणी करीत नाहीं. पानांची मोजणी करावी ती आपल्यापुरती. अमक्याचीं वर्षांत पन्नास पुस्तकें झालीं म्हणून आपण साठ वाचावींत, या शर्यतींत पुस्तकें संपतात आणि वाचन राहून जातें. एक पुस्तक संपलें कीं त्याविषयीं आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्या. त्या लिहितां आल्या नाहींत तर तें पुस्तक पुन्हां हातीं घ्यावें. शाळकरी मुलांसाठीं फ्रँकलिन यांचीच आणखी एक युक्ति उपयोगी पडते. चांगल्या निबंधाचीं नुसतीं टिपणें ते काढून ठेवीत, कांहीं दिवसांनीं मूळ न पाहतां तो निबंध आपल्या भाषेंत पुन्हां लिहीत, आणि मग मुळाशीं ताडून पाहत. सुट्टींत आमच्या मुलांकडून हें करून घेतलें. पहिल्या दिवशीं कुरकुर झाली, पण चौथ्या दिवशीं आपलें वाक्य मुळापेक्षां सरस असल्याबद्दल दोघांचें भांडण झालें. आणि नेमाच्या वेळीं मोबाईल दुसऱ्या खोलींत असावा. पूर्वीं हांका घरांतूनच येत. आतां त्या साऱ्या जगांतून येतात, आणि त्यांना ‘नेम चालला आहे’ असें सांगणारें तेथें कोणी नसतें.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभींच समर्थांनीं लेखनक्रियेचा समास घातला आहे. अक्षर फार बारीक काढूं नये, तरुणपणीं लिहिलेलें बारीक अक्षर म्हातारपणीं उपयोगी पडत नाहीं, असें ते त्यांत सांगतात. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकुराला धक्का लागत नाहीं, असेंहि सांगतात. लिहिणाऱ्याचा पहिला वाचक म्हणजे म्हातारपणचा तोच, आणि त्याच्यामागून येणारीं घरचीं माणसें, हें त्यांच्या मनांत पक्कें होतें. आपण लिहूं तें छापून येईल कीं नाहीं याची चिंता पुढची आहे. आधीं तें आपल्याला चाळीस वर्षांनीं वाचतां यावें, आणि नातवंडांना लागावें.

म्हणून वाचकांपाशीं एवढेंच मागणें आहे. येत्या आषाढी एकादशीला आपल्या घरांत कोणाला लिहावयाचें आहे, वाचावयाचें आहे, याची चौकशी करावी. ती व्यक्ति सून असेल, सेवानिवृत्त झालेले मामंजी असतील, किंवा परीक्षेबाहेरचें कांहीं वाचूं पाहणारा मुलगा असेल. तिच्यासाठीं माजघरांत किंवा गच्चींत एक पाट, नाहींतर एक खुर्ची ठरवून द्यावी, आणि साठांतली एक घटका तेवढी हांक मारूं नये. डाळीचा डबा त्या वेळीं ज्याचा त्यानें काढावा.