जनुकाला विचारण्याआधी

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची तपासणी होते, औषधं लिहून होतात आणि सोबत आलेला मुलगा किंवा मुलगी खुर्चीतून उठता उठता विचारते, "डॉक्टर, हे आम्हालाही होणार का हो?" मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला जुनाच. हल्ली त्याच्यामागोमाग दुसरा येतो : "त्याची जनुकीय टेस्ट असते म्हणतात. करून टाकू का?"

टेस्ट आहे. एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या 'एपीओई' या जनुकाचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे तीन प्रकार आहेत. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन प्रती आपल्या वाट्याला येतात. ई-४ असेल तर उतारवयात अल्झायमर होण्याची शक्यता वाढते, हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांच्या गटाने दाखवलं. एक प्रत असेल तर साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारापट. तरीही दोन्ही प्रती ई-४ असून म्हातारपणी शाबूत राहणारे आहेत, आणि एकही नसताना आजारी पडणारेही आहेत. शिवाय हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये केलेल्या अभ्यासात ई-४चं प्रमाणच पेनसिल्व्हेनियातल्या लोकांपेक्षा कमी आढळलं. ऐन चाळिशी-पन्नाशीत पिढ्यान् पिढ्या हा आजार होणारी मोजकी घराणी आहेत. त्यांची जनुकं वेगळी आणि हिशेबही वेगळा.

डीएनएची रचना उलगडणाऱ्या जेम्स वॉटसन यांनी २००७ मध्ये, ७९व्या वर्षी, स्वतःचा संपूर्ण जनुकसंच जगासमोर खुला केला. वगळायला सांगितला तो फक्त एपीओई. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. पुढे संशोधकांनी दाखवून दिलं, की आजूबाजूच्या खुणांवरून तो प्रकारही ओळखता येईल. मग शेजारचा भागही काढून टाकावा लागला.

टेस्ट नसताना 'मी नक्की करीन' म्हणणं सोपं असतं. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराच्या बाबतीत हेच घडलं. चाचणी येण्याआधीच्या पाहण्यांत धोक्यातल्या बहुसंख्य लोकांनी ती करण्याची तयारी दाखवली होती. चाचणी आल्यावर पुढे आले ते थोडेच. तिथे निकाल म्हणजे जवळजवळ निवाडा असतो आणि आजार थोपवणारा उपचार नाही.

अल्झायमरचा धोका कळल्यावर माणसं खचतील, अशी आम्हा डॉक्टरांनाही धास्ती होती. बोस्टनचे रॉबर्ट ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली. आई किंवा वडिलांना अल्झायमर असलेल्या १६२ निरोगी प्रौढांपैकी काहींना समुपदेशनासह निकाल सांगितला, काहींना नाही. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या चिंतेत आणि नैराश्यात लक्षणीय फरक नव्हता. हा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. यात एक अट विसरून चालणार नाही : ही माणसं स्वतःहून आली होती आणि त्यांना नीट समजावून सांगणारं कुणीतरी समोर होतं.

मला जास्त विचारात पाडतो तो २०१४चा सॅन डिएगोचा अभ्यास. आपल्यात ई-४ आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीला कमी गुण दिले. इतकंच नव्हे, तर ई-४ असूनही ते ठाऊक नसलेल्यांपेक्षा शब्द आठवण्याच्या चाचणीत ते प्रत्यक्षातही मागे पडले. एरवी चष्मा कुठे ठेवला ते विसरलं की आपण हसतो. अहवाल हातात असला की तेच लक्षण वाटू लागतं.

निकाल एकट्याचा राहत नाही, हेही लक्षात घ्यावं. तुमच्या दोन्ही प्रती ई-४ असतील, तर मुलांना एक मिळालेली आहेच. त्यांनी विचारलेलं नसताना. विम्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेतला २००८चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो. आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्यातून सुटले. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, आणि लाळेचा नमुना कुरियरने पाठवून अहवाल मागवण्याची सोय मात्र आली आहे.

आजार सुरू झालेल्यांचं वेगळं. नव्या प्रतिपिंड औषधांनी मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका ई-४ असणाऱ्यांत जास्त असतो, म्हणून औषधाआधी टेस्ट हवीच. निरोगी माणसाने मात्र स्वतःला विचारावं : निकाल आला की मी वेगळं काय करणार? मृत्युपत्र, पैशांची तजवीज, संशोधनात सहभाग, असं ठोस उत्तर असेल तर जरूर करावी. केवळ धाकधूक शमवायला करू नये, कारण 'ई-४ नाही' म्हणजे 'आजार होणार नाही' असं नव्हे.

लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये आपल्या हातात असलेली १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, कमी ऐकू येणं ही त्यांतली काही. निकाल कोणताही येवो, ही यादी बदलत नाही. तेव्हा घरात कुणाला स्मृतिभ्रंश असेल, तर आधी रक्तदाब मोजा, साखर तपासा, कान तपासून घ्या. जनुकीय चाचणीचं त्यानंतर, जनुकीय समुपदेशकासमोर बसून ठरवा.