हाताला बसणारं रिव्हॉल्व्हर

दुबई-शारजात नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीने रिव्हॉल्व्हर निवडायचं म्हणजे विकत घ्यायचं नव्हे. परवान्याशिवाय शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगणं हा इथल्या 2019 च्या संघीय कायद्याने गुन्हा आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाने त्या वाटेला जायचं कारणही नाही. शूटिंग क्लबात जायचं, एमिरेट्स आयडी दाखवायचं, फॉर्म भरायचा, काउंटरवरून हत्यार घ्यायचं, प्रशिक्षकाच्या नजरेखाली वापरायचं आणि निघताना परत करायचं. अबू धाबी, अल ऐन, शारजा, जबल अली, सगळीकडे असे क्लब आहेत. या देशाचं पहिलं ऑलिंपिक पदकच मुळी नेमबाजीतलं आहे. 2004 साली अथेन्समध्ये शेख अहमद बिन हशर अल मक्तूम यांनी डबल ट्रॅपमध्ये सुवर्ण जिंकलं, आणि त्यांच्या शेजारी रौप्य घेऊन उभे होते आपले राज्यवर्धनसिंह राठोड.

मी मात्र रेंजवर गेले ती माझ्या कोल्हापूरमुळे. 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, 451.4 गुण. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीतल्या कांस्यानंतर आपल्या महाराष्ट्राच्या मातीतलं हे वैयक्तिक पदक. आमच्या घरच्या ग्रुपवर त्या दिवशी दुसरं काही नव्हतंच. मग मला 2010 चं म्युनिक आठवलं, तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोनमध्ये 597 गुण घेऊन जगज्जेती झाली ते. आणि 2018 च्या आशियाई स्पर्धांचं पालेमबांग, जिथे राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलात 34-34 अशा बरोबरीनंतर शूट-ऑफमध्ये सुवर्ण खेचून आणलं. एकाच जिल्ह्यातली ही तीन माणसं आणि तिघांचं काडतूस एकच: पॉइंट टू टू लाँग रायफल, 5.6 मिलिमीटर. ते काडतूस एकदा आपल्या हाताने उडवून बघायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

रायफलऐवजी रिव्हॉल्व्हर का, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. काउंटरमागे ते दिसलं, आणि त्यात काय चाललंय ते डोळ्यांना कळत होतं म्हणून असेल. पिस्तुलाचं सगळं यंत्र आत दडलेलं असतं. इथे चक्री बाहेर काढली की भोकं दिसतात, भोकात काडतूस दिसतं, घोडा मागे ओढला की चक्री एक घर पुढे सरकते. नवख्या माणसाला हा मोठा धीर असतो.

तो धीर काउंटरवर पाच मिनिटंही टिकला नाही, कारण माझ्यापुढे एक नाही, तीन ठेवली गेली. एक सहा इंची नळीचं स्मिथ अँड वेसन 617, स्टेनलेस स्टीलचं, दहा घरांचं. दुसरं तेच, पण चार इंची. तिसरं रुगर सिंगल-सिक्स, 1953 पासून निघणारं, काउबॉय सिनेमात असतं तशा घडणीचं, सहा घरांचं. त्यात बाजूचं झाकण उघडून एकेक काडतूस भरायचं आणि एकेक पुंगळी दांडीने ढकलून काढायची. शिवाय शेजारच्या लेनवरचे पुण्याचे काका, गेली कित्येक वर्षं दुबईत असलेले इंजिनिअर, आपणहून सांगायला आले: “अहो, यातलं एकही घेऊ नका. थेट सेमी-ऑटोमॅटिक घ्या. स्पर्धेत कोण रिव्हॉल्व्हर वापरतं?”

काकांचं म्हणणं खरं होतं, ते मला नंतर नियम वाचल्यावर पटलं. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच निशाण्यांवर पाच गोळ्या आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार सेकंदांत झाडायच्या असतात. 2012 ला लंडनमध्ये विजयकुमारने रौप्य जिंकलं ते याच प्रकारात. चार सेकंदांत पाच वेळा घोडा ओढून नेम साधणं माणसाच्या अंगठ्याला जमणारं नाही. राहीच्या प्रकारातही साठपैकी तीस गोळ्या अशा असतात की निशाणा तीन सेकंद दिसतो आणि सात सेकंद नाहीसा होतो. जिला पदकाकडे जायचंय तिने काकांचंच ऐकावं.

पण मला पदकाकडे जायचं नव्हतं, मला शिकायचं होतं. हे ओळखलं आमच्या प्रशिक्षकांनी. ते बेळगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, रेंजवर सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात. मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनी हिंदी सोडली ती कायमची. ते म्हणाले, “ताई, आधी हात दाखवा.”

मी तळहात पुढे केला. त्यांनी रिकामं सहा इंची रिव्हॉल्व्हर चक्री उघडी ठेवून, नळी निशाण्याकडे करून माझ्या हातात बसवलं. अंगठा आणि तर्जनीमधला खोबणीचा भाग ग्रिपच्या माथ्याशी घट्ट टेकला पाहिजे, नळी कोपरापर्यंतच्या हाडाच्या रेषेत आली पाहिजे, आणि तसं धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर, त्याचा मधला मऊ भाग, ट्रिगरवर सहज पोहोचला पाहिजे. माझं बोट जेमतेम टोकाने पोहोचत होतं. टोकाने ओढलं की नळी एका बाजूला ढकलली जाते. त्यांनी जाड रबरी ग्रिपचं हत्यार बाजूला ठेवलं आणि बारीक लाकडी ग्रिपचं तेच मॉडेल आणलं. बोट पोहोचलं. माझ्या निवडीतला निम्मा निकाल तिथेच लागला, आणि त्यात कंपनी, किंमत, घरांची संख्या यातलं काहीच आलं नव्हतं.

मग डोळा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायला सांगितली, त्यातून त्यांचं नाक बघायचं. मी बघितलं. ते म्हणाले, “तुम्ही डाव्या डोळ्याने बघताय.” मी उजव्या हाताची. उजवा डोळा मिटला तरी त्यांचं नाक खिडकीत जिथल्या तिथे होतं, डावा मिटल्यावर खिडकीबाहेर गेलं. चाळिशी ओलांडेपर्यंत मला माझ्या शरीराची ही गोष्ट माहीत नव्हती. रायफलीत याची अडचण होते, कारण दस्ता उजव्या गालाला लागतो. हातात धरायच्या हत्यारात मान किंचित वळवली की भागतं. रायफलीच्या लेनकडे न जाता इकडे आले याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

आता ट्रिगर. इथे माझा गोंधळ सगळ्यांत जास्त होता, म्हणून जरा सविस्तर सांगते. 617 दोन तऱ्हांनी चालतं. घोड्याला हात न लावता नुसता ट्रिगर ओढला तर तोच ओढा घोडा मागे नेतो, चक्री फिरवतो आणि घोडा सोडतो. याला डबल अ‍ॅक्शन म्हणतात. हा ओढा लांब आणि जड, चार-पाच किलोंचा असतो. किंवा आधी अंगठ्याने घोडा मागे अडकवायचा, चक्री तेव्हाच फिरते, आणि मग ट्रिगरला उरतं ते फक्त घोडा सोडण्याचं काम. हे सिंगल अ‍ॅक्शन. दीड किलोच्या आसपास दाब आणि जवळजवळ शून्य हालचाल. सिंगल-सिक्समध्ये फक्त ही दुसरी तऱ्हा आहे.

कागदावर वाचताना सिंगल अ‍ॅक्शन सोपं आणि म्हणून नवख्यासाठी बरं वाटतं. सुभेदारसाहेबांनी मला उलट क्रमाने शिकवलं. चक्रीत पिवळी प्लॅस्टिकची खोटी काडतुसं भरली. पॉइंट टू टूचं हत्यार रिकामं चालवायचं नाही, कारण आतली सुई काडतूस नसेल तर थेट घराच्या कडेवर आपटते आणि कड दबते. मग डबल अ‍ॅक्शनने ओढायला लावलं, पुढच्या साइटवर नजर ठेवून. ओढा चालू असताना साइट थरथरते, बाजूला जाते, परत येते. हा सगळा प्रवास दिसतो. आपलं बोट काय चुकीचं करतंय ते जड ओढा उघडं करून दाखवतो. हलका ट्रिगर ते झाकतो. त्यानंतर घोडा अडकवून ओढल्यावर असं वाटलं की कुणी मधली पायरीच काढून घेतली. खरोखर नुसता विचार केला आणि घोडा पडला. मला वाटतं, शिकणाऱ्याने दोन्ही तऱ्हा असलेलंच घ्यावं, आणि सिंगल-सिक्स कितीही देखणं असलं तरी नंतरसाठी ठेवावं.

नळी चार इंची की सहा इंची? लांब नळीने दोन साइट्समधलं अंतर वाढतं, म्हणून रोखण्यातली चूक लवकर दिसते. पण वजनही वाढतं. सहा इंची 617 सव्वा किलोच्या आसपास भरतं. लिटरभर दुधाच्या पिशवीपेक्षा जड वस्तू एका हाताने खांद्याच्या रेषेत धरून पाहा, मिनिटाच्या आत दंड थरथरायला लागतो. चार इंची थोडं हलकं, त्याचा तोल मुठीजवळ येतो. मी दोन हातांनी धरते, म्हणून मला सहा इंची झेपलं. एका हाताने धरायचं असेल तर माझं मत चार इंचीला. साइट मागची खालीवर, डावी-उजवीकडे स्क्रूने सरकवता येणारी हवी, एवढं मात्र सक्तीने मागावं. बसवलेल्या, न हलणाऱ्या साइटचं रिव्हॉल्व्हर निशाण्याच्या कामाचं नाही.

काडतुसाबद्दल थोडं. पॉइंट टू टू हे रिमफायर काडतूस, म्हणजे ठिणगीचा मसाला पुंगळीच्या बुडाशी मध्ये नसतो, कडेच्या वळणाच्या आत, गोल फिरवून पसरवलेला असतो. सुई कडेवर आदळते, कड चेपते, मसाला पेटतो. स्मिथ अँड वेसनने पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं तेच या तत्त्वावर, 1857 साली. आपल्याकडे उठाव झाला त्याच वर्षी. आजचं लाँग रायफल काडतूस 1887 चं. त्याची पितळी भिंत पातळ, किंमत कमी, धक्का नाममात्र. दोष एकच की कडेत मसाला कुठे कमी पसरला असेल तर काडतूस उडत नाही. असं माझ्या हातून झालं तेव्हा सुभेदारसाहेबांचा आवाज पहिल्यांदा कडक झाला: “ताई, हलू नका. नळी समोरच.” अर्धा मिनिट तसंच थांबायचं, कारण मसाला उशिरा पेटू शकतो. रिव्हॉल्व्हरमध्ये हे जास्त जपायचं असतं. लगेच पुन्हा ट्रिगर ओढला तर तेच काडतूस नळीसमोरून सरकून बाजूच्या घरात जातं, आणि तिथे पेटलं तर गोळीला बाहेर जायला वाट नसते. तसंच डाव्या हाताचा अंगठा किंवा बोटं चक्री आणि नळीच्या फटीजवळ कधीही न्यायची नाहीत. तिथून गरम वायू बाहेर येतो. हे कुठल्याही निवडीच्या आधीचं आहे.

एक प्रयोग मला फार आवडला. रिव्हॉल्व्हरला दहा घरं म्हणजे एका अर्थी दहा हत्यारं. प्रत्येक घर नळीशी अगदी सारखंच जुळेल असं नाही. सुभेदारसाहेबांनी पुसता येणाऱ्या पेनने घरांना आकडे घातले, आणि मी टेकूवर हात ठेवून प्रत्येक घराची गोळी वेगळ्या निशाण्यावर मारली. चौथ्या आणि नवव्या घराच्या गोळ्या बाकीच्यांपेक्षा डावीकडे पडत होत्या. मग शिकताना ती दोन घरं रिकामी ठेवायची, म्हणजे गोळी डावीकडे गेली तर दोष माझ्या बोटाचा, हे पक्कं. दोन सारख्या दिसणाऱ्या हत्यारांतून एक निवडायचं असेल तर याहून प्रामाणिक चाचणी मला माहीत नाही.

सफाईचंही तिथेच बघून घ्यावं. पॉइंट टू टूची गोळी उघड्या शिशाची, मेणट लेपाची. चाळीस-पन्नास गोळ्या झाल्या की घरांत काजळी साठते आणि काडतूस शेवटच्या मिलिमीटरला अडतं. बोटाने दाबून बसवायचा मोह होतो. त्याऐवजी थांबून ब्रश फिरवायचा. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली दारूचा एक न जळलेला कण अडकला तरी चक्री जड फिरते. आणि घरी निघण्याआधी थंड पाण्याने साबण लावून हात धुवायचे, कारण शिसं पोटात जाऊ नये. मुलाचा डबा भरणाऱ्या हातांना हे सांगावं लागत नाही, तरी सांगते.

गावाकडून भाच्याचा फोन आला होता, “आत्या, तिकडनं एक घेऊन ये की.” त्याला सांगितलं, हत्यार सोड, इथली रिकामी पुंगळीसुद्धा बॅगेत सापडली तर विमानतळावर चौकशीला बसावं लागेल. त्याला शिकायचंच असेल तर कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे, तिथे जावं आणि एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी.

मी आता काउंटरवर ठरवून मागते: सहा इंची, बारीक लाकडी ग्रिपचं 617. कधी ते दुसऱ्या कुणाकडे असतं, तेव्हा थांबते. सध्या बहुतेक दहा मीटरवरून मारते. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन निशाण्यावर दहाचं वर्तुळ पाच सेंटिमीटरचं आणि काळा भाग वीस सेंटिमीटरचा असतो. काकांची सेमी-ऑटोमॅटिक कधी हातात घेऊ, असं परवा विचारलं, तर सुभेदारसाहेब म्हणाले, “पंचवीस मीटरवरनं डबल अ‍ॅक्शनने पाचच्या पाच काळ्यात आणा, मग बघू.” एखाददुसरी येते, पाच अजून नाहीत.