एकसष्ट दिवस

२३ जुलै. आज टिळक जयंती, त्यामुळे सकाळपासून वर्ग भाषणांनी दणाणून गेला होता. टिळक १८५६ साली इथेच रत्नागिरीत जन्मले. आमच्या पोरांना ते आपल्याच आळीतले वाटतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर दरवर्षी ठरलेली. पण आज एका मुलीने टरफलं बाजूला ठेवली आणि गंगाधरपंतांवर बोलली. ‘टिळकांचे बाबा मास्तर होते. म्हणजे त्यांना घरीपण शाळाच!’ इतक्या वर्षांत असं भाषण ऐकलं नव्हतं.

मग गणिताचा तास. जून आणि जुलैचे मिळून दिवस किती, असं विचारलं. बाकीचे बोटं मोजायला लागले तोच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘एकसष्ट!’ मिरकरवाड्याचा पोरगा. एरवी बेरीज म्हटली की खिडकीबाहेर बघणारा.

‘कसं रे काढलंस?’

‘काढायचं काय त्यात, बाई? १ जून ते ३१ जुलै होड्या बंद. बाबा घरी असतात.’

बाबा सध्या जाळी दुरुस्त करतायत म्हणे. मी खडू पुढे केला. त्याने फळ्यावर जाळं काढलं, एकेका आसाची गाठ कुठे बसते ते दाखवलं, आणि कुणी चुकीचं बोललं की चक्क दटावलंसुद्धा. त्याचा तो रुबाब बघून माझा दिवस सार्थकी लागला.

त्याच्या बाबांना वर्गात बोलवायचं ठरवलंय. याच आठवड्यात, कारण एकदा होड्या सुटल्या की ते कुठले सापडायला!