कुंडीपासून उंबरठ्यापर्यंत

टाकलेली वस्तू टाकणाऱ्याची, की उचलणाऱ्याची? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु शहरांतून हजारो स्त्रियांची चूल ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर पेटते वा विझते.

पाठीवर पोते टाकून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया पुण्याच्या रस्त्यांवर मी अनेकदा पाहिल्या आहेत. त्यांतील बहुतेक दलित. कित्येक विधवा, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या. कुंडीत हात घालावा तर काच रुते, आणि वर लोक चोर म्हणत. वास्तविक त्यांनी वेचलेला माल भंगारवाल्याच्या काट्यावरून कारखान्यात जाई व पुन्हा उपयोगी पडे. तेवढा कचरा वाहण्याचा नगराचा खर्चही वाचे. काम सर्वांचे, पण त्याला ना मान, ना मजुरी!

1993 साली ह्या कष्टकऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' पुण्यात स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव ह्यांचे मार्गदर्शन तिला लाभले. पंचायतीने दानधर्म मागितला नाही; ओळखपत्र मागितले, काम मागितले. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. त्यान्वये सभासद स्त्रिया दारोदार जाऊन ओला व सुका कचरा निरनिराळा घेऊ लागल्या. घरटी दरमहा शुल्क मिळे आणि विकण्याजोगा सुका माल वेचणारीचाच राही. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले.

हे उत्तर महत्त्वाचे का? कारण सुधारणेच्या नावाखाली सारा कचरा बंद गाड्यांतून ठेकेदाराच्या स्वाधीन केला, तर वेचणारीची भाकरीही त्याच गाडीतून निघून जाते. शहर स्वच्छ दिसते, आणि जिने ते स्वच्छ ठेवले तीच उपाशी राहते. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांनीही कचरावेचकांना ह्या व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, ती ह्याचसाठी.

वाचकहो, हा विषय आता केवळ शहराचा उरलेला नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या आपल्याही ओढ्यांत, बांधांवर साचल्या आहेत. घरी ओले-सुके वेगळे ठेवा. फुटकी काच कागदात गुंडाळून द्या, कारण ती कोणाच्या तरी हाती जायची आहे. आणि ग्रामसभेत कचरागाडीचा ठराव येईल, तेव्हा उठून एवढे अवश्य विचारा : आजवर भंगार वेचून पोट भरणाऱ्यांना ह्या कामात कोणती जागा दिली आहे?