पुसदच्या बाजारांतील एक 'ब'

यवतमाळहून दारव्हा, दिग्रस करीत आम्ही पुसदेस उतरलों. चोहोंकडे टेकड्या, मध्यें पूस नदी. स्थान रम्यच आहे. पण बाजारांत पाहण्यापेक्षां ऐकण्यासारखें अधिक. 'डोळा' म्हणावयाचें तेथें 'डोया' म्हणणारे वऱ्हाडी शेतकरी, आपसांत गोरबोली बोलणारे बंजारे (वसंतराव नाईकांचें गहुली याच तालुक्यांतलें), आणि कापडाच्या एका दुकानीं १९४७ च्या फाळणीनंतर बालपणींच इकडे आलेले एक सिंधी वृद्ध.

या वृद्धांच्या 'ब'नें आमचे कान टवकारले. सिंधींत 'बारु' म्हणजे ओझें व 'ॿारु' म्हणजे मूल. भेद काय तो पहिल्या वर्णाचा. आम्हीं तो चारपांच वेळां म्हणवून घेतला. ओठ मिटतांच त्यांचा कंठमणी खालीं सरकतांना दिसे. घोष चालू असतांनाच तो उतरतो, आंतील हवा विरळ होते, आणि ओठ उघडतांच वारा किंचित् आंत ओढला जातो. ग, ज, ड यांचींहि अशींच भावंडें त्या भाषेंत आहेत. नागरींत तीं अक्षराखालीं रेघ देऊन लिहितात. त्यांच्या नातवास मात्र दोन्ही शब्द म्हणावयास लावले, तों दोन्ही वेळां 'बारु'च! वृद्ध हंसून म्हणाले, "गुरुजी, आमच्या घरीं आतां मूल आणि ओझें एकच झालें."

कंठमणी वर चढवूनहि वर्ण होतात. जॉर्जियन, इथिओपियांतील अम्हारिक, पेरूमधील कुस्को प्रांताची केचुआ या भाषांत ते आढळतात. स्वरतंतु घट्ट मिटून कंठमणी उचलला, कीं मध्यें कोंडलेली हवा दाबली जाते, आणि क, त, प हे बाटलीचें बूच उडावें तसे सुटतात. फुप्फुसांतील श्वासाचें त्यांत काम नाहीं. जॉर्जियनमध्यें 'कारि'चा क श्वास सोडून म्हटला तर अर्थ वारा, कोंडून म्हटला तर दार!

आपल्या वैयाकरणांनीं बाह्यप्रयत्न ११ मोजले. विवार-संवार, श्वास-नाद असे कंठद्वाराचे व्यापार इतक्या बारकाईनें पाहणारांच्या यादींत कंठाचें हें चढणें-उतरणें नाहीं. संस्कृतास त्याचें प्रयोजनच नव्हतें. सिंधीस आहे. १९६७ साली तिला घटनेच्या आठव्या अनुसूचींत स्थान मिळालें. पण अनुसूची कांहीं नातवाचा कंठमणी हलवीत नाहीं, तें आजीआजोबांचेंच काम. ज्यांच्या शेजारीं सिंधी बिऱ्हाड असेल त्यांनीं तेथील वडीलधाऱ्यांकडून हे दोन शब्द अवश्य म्हणवून घ्यावेत, आणि दोन्ही घरच्या मुलांना जवळ बसवून त्यांच्या गळ्याकडे पाहावयास सांगावें.