द्वारपाल

भोपाळच्या नेहरू नगरातील आमच्या घरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की वहिनींची आठवण येते. पाळी जाऊन कित्येक वर्षे लोटल्यावर त्यांना पुन्हा रक्त दिसू लागले होते. सात महिने त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. निदान झाले तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग फार पसरला होता. “असल्या गोष्टी का कोणी बोलतं, भावोजी?” एवढेच त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर आम्ही या रोगाविषयी वाचू लागलो, आणि वाचताना देवळाच्या दारातले द्वारपाल डोळ्यांपुढे आले. शरीरातील पेशीने वाटेल तेव्हा विभागू नये म्हणून तिच्यातही असे द्वारपाल आहेत. ‘आरबी’ नावाचे प्रथिन योग्य आज्ञेवाचून विभाजनाचे दार उघडू देत नाही. ‘पी-५३’ हे दुसरे. जनुकांत बिघाड दिसला की ते विभाजन थांबवते, आणि बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल तर त्या पेशीचा अंत घडवून आणते.

पॅपिलोमा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो इतका सर्वत्र आहे की बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होते. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुधा वर्षा-दोन वर्षांत शरीर त्याला आवरते. काहींच्या ठायी मात्र तो गुपचूप टिकून राहतो. स्वतःची नक्कल करण्याची सामग्री त्याच्यापाशी नसते. ती विभागणाऱ्या पेशीत मिळते. म्हणून त्याचे ‘ई-७’ प्रथिन आरबीला जखडते, आणि ‘ई-६’ हे पी-५३चा पेशीच्याच यंत्रणेकडून नाश करविते. द्वारपाल गेले की बिघडलेल्या पेशीही विभागत राहतात. या विषाणूचा सोळावा प्रकार हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ साली कर्करोगाच्या गाठींत शोधला. त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लागणीपासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. तेवढा अवधी आपल्या हाती असतो. वहिनींचे माहेर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. त्या भोपाळास नांदत असताना, त्यांच्याच माहेरच्या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच सोयींवर राहिलेल्या सुमारे ३१ हजारांत ६४.

हे आकडे वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलो. पेशीतील द्वारपालांना विषाणूने नाहीसे केले. आमच्या घरातला द्वारपाल लाजेने मुका झाला होता, आणि ती लाज वहिनींना आम्हीच, घराणे म्हणून, शिकविली होती. रक्त दिसताच त्या बोलल्या असत्या तर कदाचित उपाय चालला असता. त्याआधी चाचणी झाली असती तर कदाचित रोगच झाला नसता.

आज मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ साली मान्यता मिळाली. तिशीनंतर चाचणी आहेच, आणि लस घेतलेलीनेही ती करावी. गेल्या महिन्यात आमच्या सूनबाई चाचणी करून आल्या आणि जेवताना सर्वांदेखत तसे म्हणाल्या. पानावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग आम्हीच विचारले, “पुढची केव्हा करायची आहे?”