भीमाकाठचा भोपळा, मिरजेचा तंबोरा

शिरूरजवळून वाहणारी घोडनदी पुढे भीमेला मिळते. भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते आणि पुढे पंढरपूर गाठते. तेथून मंगळवेढ्याच्या परिसरात कडू भोपळ्याचे वेल लावले जातात. त्यांचे मोठे, जाड सालीचे भोपळे वाळवून मिरजेला जातात आणि तेथे त्यांचे तंबोरे होतात. दौंड तालुक्यात यवत व वरवंड येथे तुकोबांची पालखी मुक्कामाला असते, तेव्हा विणेकऱ्यांच्या गळ्यातील वीणा सर्वांना दिसते. ती घडते कशी, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

मिरजेत या कलेचा पाया शिकलगारांनी घातला. शस्त्रांना धार लावणाऱ्या या कारागिरांचे काम एकोणिसाव्या शतकात घटले. तेव्हा फरीदसाहेब यांनी वाद्यांकडे हात वळवला. पुढे हे घराणे ‘सतारमेकर’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

नवशिक्याचा प्रारंभ तारांपासून होत नाही. वाळलेला भोपळा भिजवून कापणे, आतील गर व बिया काढणे, आकार टिकावा म्हणून आत काठ्यांचा आधार देणे, ही पहिली कामे. नंतर तुनाच्या लाकडाचा गळा, दांडी व तबली यांची जोडणी येते. करवत, पटाशी, कानस हाताला वळण लावतात. शेवटी घोडीची जवारी. घोडीचा पृष्ठभाग किंचित उतरता घासावा लागतो, म्हणजे तार त्याला हलकेच स्पर्श करत झंकारते. कानस एकदा अधिक फिरली की नाद बसतो. येथे माप उपयोगी पडत नाही. कान तयार असावा लागतो, आणि तो वर्षांनीच तयार होतो.

घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत व सांबराचे शिंग वापरीत. आता कृत्रिम पदार्थांच्या घोड्याही मिळतात. अहिंसा मानणाऱ्या ग्राहकाने खरेदीच्या वेळी घोडी कशाची आहे, हे अवश्य विचारावे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण लाभले. पण शिकणाऱ्याच्या पोटाचे काय? भोपळा वाळेपर्यंत भांडवल अडकते, शिकण्याची वर्षे उत्पन्नावाचून जातात आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा स्वस्तात मिळतो. शेतकऱ्यालाही ऊस अधिक खात्रीचा वाटतो. एकाचा हिशेब चुकला की पुढची साखळी तुटते.

व्यापारी कुटुंबांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. शिरूर-दौंडच्या पेढ्यांवर आजवर कितीतरी मुले उमेदवारी करून धंद्याला लागली. त्या काळात त्यांच्या जेवणाची सोय मालकाने केली. एखाद्या होतकरू मुलाला मिरजेच्या कारागिराकडे दोन वर्षे ठेवून त्याचा निर्वाह चालवणे, किंवा मंदिराच्या भजनी मंडळासाठी तंबोऱ्याची मागणी आगाऊ रकमेसह नोंदवणे, हे कोणत्याही पेढीला झेपणारे आहे. आगाऊ रक्कम हाती आली की कारागीर भोपळा निश्चिंतपणे वाळू देतो, आणि शिकणाराही टिकतो.